सातवीचा दाखला

२०२०च्या डिसेंबरात ग्रामपंचायतींच्या निवडणुका लागल्या होत्या. भाचा उभा होता, म्हणून अर्जांच्या छाननीच्या दिवशी मीही त्याच्याबरोबर तहसील कचेरीत गेलो. मी काही निवडणुकीतला माणूस नाही. आयुष्य इतिहास शिकवण्यात गेले. बाकड्यावर बसून पुढ्यातली गर्दी बघत होतो. भाच्याच्या आधी एका तरुण बाईचा अर्ज पुकारला. जातीचा दाखला होता, पडताळणीची पावती होती, घरपट्टी भरलेली होती, शौचालयाचे प्रमाणपत्र होते. अधिकाऱ्यांनी कागद पुढेमागे केले.

“ताई, सातवी पासचा दाखला?”

“पाचवी झाल्ये साहेब. पुढं न्हाई जमलं. आईबाप तोडीला जायचे.”

जन्म १९९६च्या फेब्रुवारीतला होता. नियमानुसार अर्ज बाद झाला. त्या बाईने वाद घातला नाही. कागद गोळा करता करता एवढेच विचारले, “पण मत चालतंय ना माझं?”

“मत चालतं की. मताला शिक्षण लागत नाही.”

अधिकारी सज्जन होते, नियम त्यांनी केलेला नव्हता. नंतर कळले, ही बाई गावच्या बचत गटाची अध्यक्ष आहे आणि गटाचे जमाखर्चाचे पुस्तक तीच लिहिते.

नियम असा आहे: १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला ग्रामपंचायतीत निवडून यायचे असेल, तर तो सातवी उत्तीर्ण असला पाहिजे. २०१७ साली थेट सरपंच निवडीबरोबर ही अट सरपंचपदासाठी आली आणि २०२०मध्ये सदस्यांनाही लागू झाली. वडीलधाऱ्यांना त्रास नको, पण नव्या पिढीने तरी शिकलेले असावे, असा त्यातला समंजस वाटणारा विचार. आता थोडे गणित करू. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला आणि तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. जानेवारी १९९५मध्ये जन्मलेले मूल त्या दिवशी पंधरा पूर्ण करून बसले होते. १९९६च्या फेब्रुवारीत जन्मलेल्या या बाईंची चौदा वर्षे कायदा येण्याच्या महिना-दीड महिना आधीच भरली होती. म्हणजे ज्या पिढीच्या पहिल्या तुकडीवर शिक्षणाची अट बसली, तिला शिक्षणाचा हक्क एक दिवसही मिळालेला नाही. हे कोणी मुद्दाम केले असेल असे मला वाटत नाही. तारीख ठरवताना हे गणित कोणाच्या डोक्यातही आले नसणार. मला त्याचेच जास्त वाईट वाटते.

घरी आल्यावर जुनी टिपणे काढली. आधी शाळा की आधी नागरिकत्व, हा वाद आपल्याकडे शंभर-सव्वाशे वर्षे चालला, तो मोठ्या माणसांनी चालवला, आणि राज्यघटनेने त्यावर एक निर्णय दिला, असे मी वर्गात सांगत आलो होतो. त्या दिवशी तहसील कचेरीत तो निर्णय फिरवलेला दिसला.

०

या वादाची सुरुवात मी धारवाडपासून धरतो. १८५६च्या जूनमध्ये तिथल्या एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून मुंबई सरकारकडे अर्ज केला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. फी भरायची त्याची तयारी होती. सरकारने अर्ज नाकारला. न्याय मुलाच्या बाजूने आहे, हे सरकारला मान्य होते. पण एका मुलासाठी बाकीची मुले शाळा सोडतील आणि शाळाच बंद पडेल, अशी भीती त्याने पुढे केली. कलकत्त्याच्या सरकारला हे पटले नाही. प्रकरण विलायतेपर्यंत गेले आणि १८५८ साली तिथून हुकूम आला की सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा कोणत्याही जातीला बंद असू नयेत. हुकूम चांगला होता. शाळेच्या उंबऱ्यावर त्याचा उपयोग किती झाला, हे चोवीस वर्षांनी जोतीराव फुल्यांनी लिहून ठेवले आहे. ते पुढे येईलच.

त्या काळचे धोरण झिरपण्याचे होते. वरच्या थरातल्या थोड्यांना उत्तम शिकवायचे, मग ज्ञान आपोआप खाली झिरपेल. मुंबईच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी यांच्या काळात तर मंडळाच्या अहवालातच वरिष्ठ वर्गांवर लक्ष केंद्रित करण्याची भूमिका मांडली गेली. १८५४च्या वुडच्या खलित्याने सामान्य लोकांच्या शिक्षणाची भाषा आणली, पण पैसा जुन्याच वाटेने वाहत राहिला. पुढे १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे निवेदन करताना डॉ. आंबेडकरांनी शिक्षण मंडळाचे हे जुने अहवाल आणि धारवाडचे प्रकरण ही दोन्ही पुराव्यादाखल मांडली. आपल्याकडच्या निरक्षरतेला एक लेखी इतिहास आहे, त्यावर सह्या-शिक्के आहेत, हे त्यांना दाखवायचे होते.

आता जोतीराव. १८८२ साली विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला आणि १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचे जोतीरावांचे इंग्रजी निवेदन आयोगाकडे गेले. मी ते अनेकदा वाचले आहे आणि प्रत्येक वेळी आधी सहीकडे बघतो. समाजसुधारक नाही, सत्यशोधक समाजाचे संस्थापक नाही. सहीखाली लिहिले आहे व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर. हा माणूस करदाता म्हणून बोलतो आहे आणि सार्वजनिक संस्थेचा सभासद म्हणूनही.

युक्तिवादही तसाच, हिशोबाचा. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गाच्या मुलांवर. रयत भरते आणि दुसरे शिकतात. तेव्हा खर्चाचा ओघ प्राथमिक शिक्षणाकडे वळवा आणि निदान बारा वर्षांपर्यंत ते सक्तीचे करा. झिरपण्याचा सिद्धांत त्यांनी दयामायेच्या भाषेत खोडला नाही. हिशोबाची वही पुढे केली.

पण निवेदनातला मला सर्वांत भावणारा भाग शिक्षकाबद्दलचा आहे. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावा, त्याला प्रशिक्षण द्यावे, पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावात पंधरा ते वीस द्यावा. शिवाय गावच्या हिशोबांची तपासणी, दस्त नोंदणी, गावचे टपाल, स्टँपविक्री अशी कामेही त्याच्याकडे सोपवता येतील. अभ्यासक्रमात काय हवे? मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशोब, थोडा इतिहास-भूगोल, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्य आणि नीती. वरवर पाहिले तर ही काटकसरीची सूचना वाटते, एकाच माणसाकडून चार कामे करून घेण्याची. पण मोडी शिकवा याचा अर्थ काय? गावचे सगळे कागद मोडीत होते. सारा किती, बाकी किती, गहाणखत कशाचे, अंगठा कशावर उठवला, हे सगळे कुलकर्ण्याच्या दप्तरात मोडीत बंद होते. शेतकऱ्याच्या मुलाला मोडी येणे म्हणजे त्या दप्तराचे झाकण उघडणे. ‘नागरिकत्व’ हा शब्द तेव्हा रूढ नव्हता. जोतीरावांना त्याची गरजही पडली नाही.

त्याच निवेदनात धारवाडचा पुढचा अध्याय आहे. महार-मांगांच्या मुलांना इतरांच्या शेजारी बसू देत नाहीत, म्हणून सरकारने त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा काढल्या, पण त्याही फक्त मोठ्या शहरांत. आणि खुद्द पुण्यात, जिथे या समाजाची वस्ती पाच हजारांवर, तिथे अशी शाळा एकच, आणि तिच्यात मुले तिसाच्याही आत. १८५८च्या हुकमाची चोवीस वर्षांतली मजल एवढी.

हंटर आयोगाने प्राथमिक शिक्षण नव्या स्थानिक संस्थांवर सोपवले. ही रिपनच्या स्थानिक स्वराज्याची वर्षे. स्वराज्याची पहिली पायरी आणि गावची शाळा एकाच हाती आली, हे दिसायला किती सुंदर! पण त्या संस्थांत बसणार कोण, हे ठरत होते मालमत्ता आणि शिक्षण यांवरून. ज्यांची मुले शाळेबाहेर होती, त्यांना शाळेच्या खर्चावर बोलायला जागाच नव्हती. लोकल फंडाची पट्टी मात्र त्यांच्याकडूनच वसूल होई.

०

पुढची तीस वर्षे मी भरभर ओलांडतो. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. एक देशी राजा जे करू शकतो ते ब्रिटिश सरकारला का जमू नये, असा प्रश्न गोखल्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात केला आणि १९११च्या मार्चमध्ये विधेयक आणले. विधेयक किती भित्रे होते ते आज वाचताना जाणवते. सक्ती कुठे? जिथे आधीच ठरावीक प्रमाणात मुले शाळेत जातात तिथेच, तीही स्थानिक संस्थेला वाटले तर, आणि सरकारने परवानगी दिली तर. मुलांचे वय सहा ते दहा. एवढे मवाळ विधेयकही १९ मार्च १९१२ रोजी ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. पाडणाऱ्यांत सरकारी सभासद होतेच, शिवाय जमीनदार आणि बडे हिंदी सभासदही होते. मजूर मिळणार नाहीत, ही भीती तेव्हाही होती. ती बोलून दाखवायला लोक आजच्यापेक्षा कमी लाजत.

१९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. १९१९मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याचा हुकूम काढला. इकडे ब्रिटिश मुलखात विठ्ठलभाई पटेलांचा १९१८चा कायदा झाला आणि मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण सुरू करण्याची मुभा मिळाली. या मुभेतून पुण्यात जो वाद पेटला, त्याच्यापाशी थांबायला हवे.

प्रश्न साधा होता. पुणे नगरपालिकेने सक्ती लागू करायची, तर ती मुलग्यांपुरती की मुलींनाही? टिळकांच्या पक्षाचे म्हणणे असे, की पैसा अपुरा आहे. आधी मुलग्यांचे करू, मुलींचे मागून पाहू. विठ्ठल रामजी शिंदे आणि सुधारक मंडळी मुलींसह सक्तीसाठी उभी राहिली. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. सभांमध्ये गोंधळ झाले, आणि ज्यांच्या एका शब्दावर पुणे बंद होई त्या टिळकांनाही १९२०मध्ये विरोधाचे आवाज ऐकावे लागले.

टिळकांच्या बाजूला अन्याय नको. नगरपालिकेची तिजोरी खरोखरच लहान होती आणि सरकार हात राखून पैसे देत होते. पण पैसा अपुरा पडला की पहिली कात्री कोणाच्या भागाला लागते, यावरून ‘सर्वांसाठी’ या शब्दाची लांबी कळते. ‘आधी’ आणि ‘मागून’ हे दोन शब्द आपल्या शिक्षणाच्या इतिहासात फार कामाला आले आहेत. आधी वरचा वर्ग, मागून खालचा. आधी मुलगे, मागून मुली. आधी शहाणपण, मागून अधिकार.

हा शेवटचा क्रम त्याच सुमारास राजकारणात आला. १९१७मध्ये माँटेग्यूंची घोषणा झाली, कायदेमंडळे वाढणार हे दिसू लागले आणि ब्राह्मणेतर समाजांनी प्रतिनिधित्व मागितले. टिळकांच्या अथणीच्या भाषणाचा उल्लेख इथे अपरिहार्य आहे. कुणब्याला तिथे जाऊन नांगर धरायचा आहे की तेल्याला तागडी, अशा आशयाचे ते बोलले असे त्यांचे विरोधक वर्षानुवर्षे सांगत आले. नेमक्या शब्दांविषयी अनुयायांनी वाद घातला आहे. शब्द काहीही असोत, विचार एकट्या टिळकांचा नव्हता. कायदे करणे हे शिकलेल्यांचे काम, हे त्या काळच्या जहाल-मवाळ दोघांनाही स्वयंसिद्ध वाटे. विलायतेत जॉन स्टुअर्ट मिलनेही लिहिले होते की ज्याला लिहिता-वाचता आणि साधे हिशोब करता येत नाहीत त्याला मत नको. मात्र त्याला शिकवण्याचे कर्तव्य समाजाचे आहे, हेही त्याने बजावले होते. आपल्या वाचकांनी त्यातला पहिला अर्धा तेवढा उचलला. खुद्द इंग्लंडात घडले ते उलटच. १८६७ साली शहरी कामगारांना मत मिळाले आणि मग तीन वर्षांत, १८७०मध्ये, प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. मत देणारे हजर झाल्यावर शाळा काढण्याची घाई सुचली.

०

२७ जानेवारी १९१९. मताधिकार ठरवणाऱ्या साउथबरो समितीपुढे सत्तावीस वर्षांचे प्राध्यापक आंबेडकर साक्ष देत होते. त्यांनी आणलेल्या लेखी निवेदनातला एक मुद्दा मला त्या तहसील कचेरीत आठवला होता. नागरिकत्व ज्या हक्कांनी बनते त्यांतले दोन सर्वांत महत्त्वाचे, असे त्यांचे म्हणणे: एक प्रतिनिधित्वाचा आणि दुसरा राज्यातले पद धारण करण्याचा, आणि अस्पृश्यता या दोन्हींपासून माणसाला दूर ठेवते. नुसते मत म्हणजे नागरिकत्व नव्हे. दुसऱ्याला निवडण्याचा हक्क आहे पण स्वतः निवडून येण्याचा नाही, अशा माणसाला अर्धा नागरिक म्हणावे लागेल.

समितीने आणि १९१९च्या कायद्याने ते फारसे ऐकले नाही. मताधिकार मालमत्ता आणि कर यांवर बेतला गेला, आणि मतदार फार थोडे राहिले.

१९२७ साली आंबेडकर मुंबई कायदेमंडळाचे सभासद झाले. १२ मार्चला अंदाजपत्रकातल्या शिक्षणाच्या मागणीवर ते बोलले. ते भाषण आजही कोणत्याही अर्थसंकल्पी चर्चेत वाचून दाखवावे असे आहे. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करते आणि अबकारीतून, म्हणजे दारूतून, माणशी दोन रुपये दोन आणे नऊ पै वसूल करते. लोक दारूच्या रूपाने जेवढे देतात तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्चा, एवढीच त्यांची मागणी. याच गतीने गेलो तर शाळेच्या वयाचे सगळे मुलगे शाळेत यायला चाळीस वर्षे लागतील आणि मुली यायला तीनशे. पहिलीत आलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोचतात अठरा. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात.

हा शेवटचा आकडा नीट पाहावा. मूल शाळेत आले नाही, अशी ही तक्रार नाही. आले, नाव पटावर चढले, आणि मग गळाले. चौथीपर्यंत न टिकणारे मूल साक्षर राहत नाही, मग त्याच्यावरचा खर्चही वायाच. ‘पट’ आणि ‘शिक्षण’ यांतला फरक आपल्या शिक्षण खात्याला पुढेही बरीच वर्षे सोयीने विसरता आला.

दोन वर्षांनी, १७ मे १९२९ रोजी, सायमन कमिशनबरोबर काम करणाऱ्या मुंबई प्रांतिक समितीच्या अहवालाशी मतभेद झाल्याने आंबेडकरांनी आपला स्वतंत्र अहवाल दिला आणि प्रौढ मताधिकार मागितला. साक्षरतेच्या अटीला त्यांनी तिथे दिलेले उत्तर तीन पायऱ्यांचे आहे. निरक्षर माणूस बुद्धीने कमी असतो हे गृहीतच चूक, आणि साक्षर माणूस शहाणा असतो हेही. दुसरे, मत देताना माणूस शिकतो. मतदान हे स्वतःच एक शिक्षण आहे. आणि तिसरे, मला वाटते सर्वांत भेदक: या लोकांना निरक्षर ठेवले कोणी? ज्या सरकारने शिक्षण वरच्या वर्गांची मिरास होऊ दिली, त्याच सरकारने निरक्षरतेचे कारण दाखवून मत नाकारायचे, म्हणजे आधी इजा करायची आणि वर अपमान करायचा.

चाळीस कोटींच्या देशाला हे सहज पटले असे नाही. १९३५च्या कायद्याने मतदार वाढवले, तरी अट राहिलीच: जमीन, कर किंवा शिक्षण यांतले काहीतरी हवे. खरी उडी घटना समितीत पडली.

०

घटना समितीतला प्रौढ मताधिकार सर्वांना आठवतो. त्याच समितीत शाळेचे काय झाले, ते कमी आठवते.

१९४७च्या एप्रिलमध्ये सल्लागार समितीने मोफत प्राथमिक शिक्षण मूलभूत हक्कांतून काढून, न्यायालयात दाद न मागता येणाऱ्या तत्त्वांत घातले. कारण पैशाचे. मसुद्यात तरीही प्रत्येक नागरिक मोफत प्राथमिक शिक्षणाला हक्कदार आहे, असे शब्द शिल्लक होते. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी लक्ष्मीकांत मैत्र यांनी ते शब्द गाळण्याची सूचना मांडली. मार्गदर्शक तत्त्वांच्या यादीत हक्काची भाषा विसंगत दिसते, हे त्यांचे तांत्रिक म्हणणे. आंबेडकरांनी सूचना स्वीकारली. मला हे वाचताना दरवेळी थबकायला होते. १९२९चा अहवाल लिहिणारा माणूस हे का मान्य करतो? कलम ज्या भागात होते तिथे हक्क हा शब्द ठेवूनही न्यायालयात काही मागता आले नसते, तेव्हा गेला तो शब्दच, हे खरे. पण शब्द राहिला असता तर निदान पुढच्या भांडणाला धरायला एक खुंटी राहिली असती, असे मला वाटते.

त्याच दिवशी दुसरी एक सूचना मात्र त्यांनी धुडकावली, आणि तिथे जुने आंबेडकर पुन्हा दिसतात. नझीरुद्दीन अहमद यांना तरतूद प्राथमिक शिक्षणापुरती मर्यादित हवी होती. चौदा वर्षांपर्यंत सगळे शिकवणे सरकारला झेपणार नाही. आंबेडकरांचे उत्तर असे, की चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात कामाला लावायला घटनेने बंदी केली आहे. कामावर नाही तर ते मूल कुठे असेल? त्या वयापर्यंत ते शाळेतच असले पाहिजे. म्हणजे चौदा हा आकडा अभ्यासक्रमातून आलेला नाही, मजुरीतून आलेला आहे. मुलाची शाळा आणि मुलाची मजुरी हा एकच प्रश्न आहे, हे त्यांना माहीत होते. कारखान्याचा उल्लेख झाला, शेताचा झाला नाही. उसाचा फड कारखान्यात मोडत नाही.

अखेर कलम ४५ झाले: दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा राज्य प्रयत्न करील. मार्गदर्शक तत्त्वांत मुदत घातलेले हे एकच कलम.

आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी, घटना स्वीकारली त्या दिवशी, अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनी समारोपात दोन खंती बोलून दाखवल्या. त्यातली एक ही, की कायदे राबवणाऱ्यांना पात्रता लागते, पण कायदे करणाऱ्यांना निवडून येण्यापलीकडे कसलीही पात्रता आपण ठेवली नाही. खंत प्रामाणिक होती. पण ती खंतच राहिली, कलम झाली नाही, याला महत्त्व आहे. समितीने विषय विसरून सोडलेला नव्हता. माहीत असून अट घातली नाही.

मग १९५१-५२ची निवडणूक. मतदार सुमारे सतरा कोटी, आणि साक्षरता अठरा टक्क्यांच्या आसपास. वाचता न येणाऱ्यांसाठी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर चिन्ह. सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे यादीतून गेली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई असे सांगितले आणि मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तशा नोंदी घ्यायला नकार दिला. ते कठोर होते खरे. पण नाव सांगा, ही अट आणि दाखला आणा, ही अट यांत मोठे अंतर आहे. पहिली त्या बाईला पुढच्या खेपेला स्वतः पुरी करता येत होती.

देशाने क्रम उलटा लावला होता: आधी मत, मागून शाळा. मतामुळे शाळा येईल असा तो भरवसा होता. काही अंशी आलीही. १९६२मध्ये जिल्हा परिषदा आल्या, प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या, आणि महाराष्ट्रात वाडीवस्तीपर्यंत शाळा पोचली ती बरीचशी त्या निवडून आलेल्या, अनेकदा स्वतः अर्धवट शिकलेल्या माणसांच्या आग्रहामुळे. आमच्या गावची शाळा ज्या सभापतींनी आणली त्यांना सही करायला वेळ लागायचा.

पण १९६० उलटले, कलम ४५ची मुदत संपली आणि कोणी काही बोलले नाही. १९६४-६६च्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते, परिसरातली सगळी मुले एकाच शाळेत जावीत असे सुचवले. ते ऐकून घेतले गेले आणि बाजूला ठेवले गेले. त्यानंतर ऐपतदारांनी आपली मुले सरकारी शाळेतून काढली. मग त्या शाळेच्या गळक्या छपरासाठी भांडायला गावात वजनदार माणूस राहिला नाही. १८८२ साली रयत भरायची आणि दुसरे शिकायचे. आता प्रत्येक जण ऐपतीप्रमाणे शिकतो, एवढाच बदल. २००२ साली घटनेत २१-अ कलम येऊन शिक्षण शेवटी मूलभूत हक्क झाले आणि २०१०मध्ये कायदा अमलात आला. जो शब्द १९४८मध्ये गाळला होता तो परत यायला चौपन्न वर्षे लागली.

तो आल्यावर पाच वर्षांत काय झाले? हरियाणाने २०१५ साली पंचायत निवडणुकीच्या उमेदवारांना शिक्षणाची अट घातली. सर्वसाधारण पुरुषाला दहावी, स्त्रियांना आणि अनुसूचित जातींना थोडी सूट. त्या वर्षी १० डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने राजबाला खटल्यात ती वैध ठरवली. न्यायालयापुढच्या आकड्यांनुसार ग्रामीण हरियाणात एरवी पात्र असलेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के माणसे या एका अटीने बाद होत होती. याच निकालात निवडणूक लढवण्याचा हक्क घटनात्मक आहे, असेही म्हटले आहे. भल्याबुऱ्याची पारख शिक्षणानेच येते, असे निकालाचे तर्कशास्त्र. १९२९चा अहवाल त्या न्यायालयाच्या ग्रंथालयात असणारच. राजस्थानने तशीच अट घातली होती, ती २०१९मध्ये नवे सरकार आल्यावर काढून टाकली. आमदार-खासदारांना मात्र अशी अट कुठेच नाही. मंत्रालयातल्या फायलीवर सही करणाऱ्याला जी पात्रता लागत नाही, ती गावच्या नळयोजनेवर बोलणाऱ्याला लागते.

अटीच्या बाजूने बोलणारे माझे एक मित्र आहेत, निवृत्त विस्तार अधिकारी. निरक्षर सरपंचाच्या सह्या घेऊन ग्रामसेवक आणि ठेकेदार काय काय करतात, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. ते खोटे नाही. पण त्यावर उपाय म्हणून फसवल्या गेलेल्या माणसाला खुर्चीवरून उठवणे मला चमत्कारिक वाटते. जोतीरावांनी मोडी शिकवा म्हटले होते. मोडी येत नाही म्हणून शेतकऱ्याचा सातबारा रद्द करा, असे म्हटले नव्हते.

०

छाननीनंतर काही महिन्यांनी त्या बाई भेटल्या. गटाच्या कर्जासाठी त्यांना शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. मुख्याध्यापक माझे विद्यार्थी निघाले, म्हणून मी बरोबर गेलो. शिपायाने कपाटातून जनरल रजिस्टर काढले. कडा उंदरांनी कुरतडलेल्या, पण अक्षर वळणदार. नाव सापडले, जन्मतारीख सापडली, प्रवेशाची तारीख सापडली. शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचे कारण लिहिलेले असते. तिथे होते ‘सतत गैरहजर’. आणि शाळा सोडल्याची तारीख नोव्हेंबरातली.

मी पान उलटले, मग आणखी एक. त्या वर्षातल्या बऱ्याच नावांपुढे तेच दोन शब्द होते आणि बऱ्याच तारखा दिवाळीनंतरच्या पंधरवड्यातल्या. मुकादमाची उचल घेतलेल्या जोड्या कारखान्याकडे निघतात तो पंधरवडा. आता हंगामी वसतिगृहे आहेत, साखरशाळा झाल्या, पुष्कळ मुले मागे राहून शिकतात. तेव्हा आईबाप निघाले की धाकट्याला सांभाळायला थोरलीही बैलगाडीत बसायची.

बाईंनी रजिस्टर आपल्याकडे ओढून घेतले आणि बोट ठेवत ठेवत वरून खाली वाचू लागल्या. “ही सुमी,” म्हणाल्या. “आमच्याच टोळीला होती. ही शांता, ही तिची बहीण. हा गण्या, ह्येचा बाप फडातच वारला.” मुख्याध्यापकांनी दाखला लिहायला घेतला. कारणाच्या रकान्याशी ते थांबले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “सर, रजिस्टरात आहे तेच लिहावं लागतं.”

“तेच लिवा,” बाई म्हणाल्या. त्यांची नजर अजून पानावरच होती.